स्वतः पाहिलेली मोरी

ऑफिसात त्याला पाणक्या म्हणत. हे नाव त्याला ऑफिसातल्याच, पाहणीला हिंडणाऱ्या गमबूटनं दिलं होतं आणि ते इतकं चिकटलं की हजेरीच्या यादीतलं त्याचं खरं नाव वाचून नवीन माणसं विचारायची, हा कोण बुवा? पाणक्याचं काम जमिनीवर पाणी ओतायचं. जमीनही खरी नव्हे आणि पाणीही खरं नव्हे, दोन्ही त्याच्या स्क्रीनवर. विमानातून लेसर सोडून कोणीतरी सगळ्या शहराची उंची मोजून आणायचं, कॉम्प्युटर त्यातली झाडं आणि घरं खरवडून काढायचा, आणि मग उरायची ती नुसती उघडी जमीन, मीटर-मीटरच्या चौकोनांत कापलेली, प्रत्येक चौकोनाला आपली एक उंची. जमिनीच्या या मॉडेलवर शहराचं पुढचं बरंच काही ठरायचं. गटार कुठून न्यायचं, पूर आला तर कोण बुडणार, कोणत्या वस्तीला उठवायचं आणि कोणाला राहू द्यायचं. पण मॉडेल खरं आहे की खोटं हे नुसतं बघून कळत नाही. ते पाण्याला विचारावं लागतं.

म्हणून पाणक्या प्रत्येक चौकोनावर थोडं थोडं पाणी टाकायचा आणि चहाचा कप घेऊन बघत बसायचा. चौकोनाला आठ शेजारी असतात, त्यातला जो सगळ्यांत खाली त्याच्याकडे पाणी सरकतं, तिथून पुढच्याकडे, असं करत करत नदीला मिळतं. आठही शेजारी उंच निघाले तर मात्र ते अडून बसतं. असं पाणी अडलं की समजायचं, एकतर तिथे खरोखर खोलगट भाग आहे, नाहीतर मॉडेलमध्ये घोळ आहे. बहुतेक वेळा घोळच असतो. विमानाला पूल वरून दिसतो, पुलाखालची वाट दिसत नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये प्रत्येक पूल म्हणजे नदीत आडवी घातलेली भिंत, आणि रस्त्याखालची प्रत्येक मोरी बुजलेली. पाणक्यानं ही जागा हुडकायची, तिच्यातून एक रेघ ओढायची, रेघेखालचे चौकोन खाली दाबायचे आणि पाण्याला वाट करून द्यायची. याला ते 'कापणं' म्हणत. एकवीस वर्षांत त्यानं चार-साडेचार हजार मोऱ्या कापल्या होत्या. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट दुसरं कोणी सांगत नसलं की तो स्वतः सांगायचा.

कापलेल्या मोरीपुढे एक रकाना भरावा लागे, माहिती कुठून मिळाली याचा. एकतर जुना आराखडा, नाहीतर पाहणी. पाहणी म्हणजे गमबूट. हा माणूस गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून शहरभर हिंडायचा, मोरीत डोकं घालून ओरडायचा आणि पलीकडून आवाज आणि उजेड आला तरच कागदावर सही करायचा. ऑफिसातल्या जुन्या माणसांसाठी तिसरीही एक सोय होती. ज्यांना शहर तोंडपाठ आहे त्यांनी 'स्वतः पाहिलेली' असं लिहिलं तरी चालायचं. या रकान्यात कोणी पाहिली ते लिहायचं होतं. केव्हा पाहिली ते कोणी विचारत नव्हतं, आणि इतक्या शहाण्या माणसांनी भरलेल्या त्या ऑफिसात ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

मालगाड्यांच्या रुळांसाठी घातलेला एक उंच भराव होता आणि त्याच्या मागे एकशेचाळीस घरांची वस्ती. पाणक्या त्याच वस्तीत जन्मला, वाढला. नव्या मोजणीचं मॉडेल आलं तेव्हा भरावामागे पाणी अडून बसलं, दीड पुरुष खोल. वस्ती बुडणाऱ्यांच्या कच्च्या यादीत गेली. बुडणारी वस्ती म्हणजे उठवायची वस्ती. पाणक्यानं ते पाहिलं आणि चक्क हसला. शेजारच्या टेबलावरच्या पोरीला म्हणाला, अगं, यांनी आमची मोरीच खाल्ली.

त्या मोरीतून तो शाळेत जायचा. भरावाला वळसा घालून गेलं की अर्धा तास, मोरीतून रांगत गेलं की पाच मिनिटं. पुढे ताई, मागे हा, तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून. आतलं पाणी घोट्याएवढं असायचं आणि मधल्या एका विटेचा कोपरा बाहेर आलेला होता, तिथे डोकं वाकवायचं. इतकं सगळं आठवत असताना गमबूटला कशाला पाठवायचं? तेव्हा गमबूट गुडघेदुखीनं रजेवर होता, तो येईपर्यंत थांबायला तीन आठवडे लागले असते आणि यादी त्याच्या आधी पक्की होणार होती. पाणक्यानं भरावातून रेघ ओढली, चौकोन दाबले, पाणी सोडलं. निळा डाग हलला, बारीक झाला आणि भरावापलीकडच्या नाल्यात निघून गेला. पाणक्यानं रकान्यात लिहिलं, स्वतः पाहिलेली.

मोरी तिथे नव्हती. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणी उगाच आशेवर राहायला नको. वीस वर्षांमागे दुसरा रूळ टाकताना भराव रुंद केला, तेव्हा मोरीचं पलीकडचं तोंड मातीखाली गाडलं गेलं आणि अलीकडच्या तोंडात, दोन हात आत, विटांची भिंत घातली. पाणक्या दर पंधरा दिवसांनी ताईला भेटायला वस्तीत जायचा, पण भरावाच्या बुडाशी, काटेरी झुडपांत शिरायचं त्याला काय कारण? त्यानं मोरी पाहिली होती ती आठ वर्षांचा असताना. मोरी कापली तेव्हा तो बावन्नचा होता.

ताई म्हणजे त्याची बहीणही आणि आईही. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताई अठराची होती आणि हा दहाचा. तिनं शिवणाचं मशीन घेतलं आणि त्याला शाळेत, कॉलेजात, पुढे या नोकरीपर्यंत नेऊन सोडलं. या सगळ्या रामरगाड्यात तिचं लग्नाचं वय केव्हा उलटून गेलं ते तिलाही कळलं नाही. तो नोकरीला लागून दुसरीकडे राहायला गेला, ती त्याच दोन खोल्यांत राहिली. मग एकोणपन्नासाव्या वर्षी तिनं सगळ्यांना चाट पाडलं. बस चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेला एक उंच, गप्पिष्ट माणूस तिच्याकडे विजारी आखूड करून घ्यायला यायचा. विजारी सहा झाल्या, तरी येणं थांबेना. शेवटी ताईच म्हणाली, आता कापड उरलं नाही, काय ते बोला. असे दाजी त्या घरात आले. त्यांच्या येण्यानं ताई हसायला लागली, आणि इतक्या वर्षांत आपण हिला हसताना पाहिलंच नव्हतं हे पाणक्याच्या तेव्हा लक्षात आलं.

वस्ती उठणार ही आवई आली तेव्हा दाजींनी नुकतंच छप्पर बदललं होतं. स्वतः शिडीवर चढून एकेक पत्रा ठोकला होता. ते जेवताना घास हातात धरून वर बघत बसायचे, हे ताईनं पाणक्याला सांगितलं होतं. त्यामुळे पक्की यादी आली आणि तिच्यात वस्तीचं नाव नाही हे कळलं तसा पाणक्या ऑफिसातून थेट तिकडे धावला. दाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मेहुण्याची पाठ इतक्या जोरात थोपटली की त्याला खोकला आला, आणि त्या दिवसापासून ते त्याला थट्टेनं साहेब म्हणायला लागले. पाणक्यानं कागद पसरून दोघांना समजावून सांगितलं. पाणी इथून येतं, इथे जमा होतं आणि हे बघ ताई, आपल्या मोरीतून पलीकडे जातं. ताई मशीनवर बसली होती. चांगलं झालं, म्हणाली, आणि पुन्हा पाय चालवायला लागली.

दोन वर्षं काही झालं नाही. त्यानंतर एका दुपारी वरच्या अंगाला तीन तास पाऊस कोसळला आणि साडेतीनच्या सुमाराला पाणक्याचा फोन वाजला.

"साहेब, पाणी पायरीला लागलंय," दाजी म्हणाले. "शेजारपाजारचे सगळे गच्चीवर निघालेत. आम्हीपण जावं का?"

साधं हो म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. पण पाणक्याला विचारलेलं होतं ते त्याच्या धंद्यातलं, आणि धंद्यातल्या प्रश्नाला त्यानं कधी न बघता उत्तर दिलं नव्हतं. तो म्हणाला, थांबा दोन मिनिटं. त्यानं मॉडेल उघडलं, वरच्या अंगाला तीन तासांचा पाऊस टाकला आणि पाणी सोडलं. भरावामागे निळा डाग उमटला, थोडा फुगला आणि त्याच्या रेघेतून निमूटपणे पलीकडे निघून गेला. त्यानं पाऊस दुप्पट करून पाहिला. तरीही गेला.

"दाजी, तिथे पाणी थांबायलाच नको," तो म्हणाला. "मोरीचं तोंड तुंबलं असणार. भरावाच्या बुडाशी, झुडपांच्या मागे कमान आहे. तेवढा कचरा ओढून काढा, बघता बघता उतरेल."

"नक्की ना? मला तर कधी दिसली नाही."

"मी त्यातून रांगलोय, दाजी."

दाजी हसले. बरं साहेब, म्हणाले, आणि फोन ठेवला.

वस्तीतली सगळी माणसं वर गेली आणि सगळी वाचली. म्हातारी, पांगळी, आठ दिवसांची बाळंतीणसुद्धा. खाली गेले ते एकटे दाजी. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी लावून भराव फोडला तेव्हा कुठे पाणी उतरलं, आणि झुडपांत अडकलेले ते सापडले.

पाणी मोरी तुंबल्यामुळे चढलं, असं पहिले काही दिवस सगळीकडे बोललं गेलं. ही बातमी कुठून निघाली? पाणक्याच्याच तोंडून. भेटायला आलेल्या माणसांना तो तसं सांगत होता, कारण तो तसं मानत होता. मोऱ्या साफ करणाऱ्यांच्या नावानं लोकांनी बोटं मोडली. ताई भिंतीला टेकून बसलेली असायची आणि कोणी काही म्हटलं की मान हलवायची. पाणक्या तिच्यापाशी बसायचा. रडायचा तोच. ताई उठून त्याला पाणी आणून द्यायची.

नवव्या दिवशी गमबूट त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. एरवी हा माणूस टोमणा मारल्याशिवाय नमस्कार करत नसे. पाणक्या, गोड्या पाण्याचा की खाऱ्या, असलं काहीतरी रोज असायचंच. त्या दिवशी चल, एवढंच म्हणाला. दोघं वस्तीत गेले, ताईच्या घरावरून न जाता मागच्या अंगानं. फोडलेला भराव एका बाजूला आणि त्याच्यापासून वीस पावलांवर, चिखलानं माखलेल्या झुडपांमागे, ती कमान. पाणक्याला ती लगेच ओळखू आली. फार लहान वाटली. गमबूटनं आत बॅटरी मारली. दोन हातांवर भिंत होती, जुनी, शेवाळलेली, आणि तिच्यावर फावड्याचे ओरखडे होते. लाल, ताजे, एकाखाली एक. दाजींना कमान सापडली होती. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, आत हात घालून, ते त्या भिंतीला कचरा समजून खरवडत राहिले होते.

"मला पाठवायचं होतंस," गमबूट म्हणाला. "रजेवर होतो, मेलो नव्हतो."

पाणक्या चिखलात खाली बसला. गमबूटनं त्याला उठवायचा प्रयत्न केला नाही. थोड्या वेळानं तोही शेजारी बसला आणि बुटातला चिखल बोटानं काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाणक्यानं मॉडेल दुरुस्त केलं. करायचं होतं ते इतकंच, की दोन वर्षांपूर्वी दाबलेले अकरा चौकोन पुन्हा वर उचलायचे. अर्ध्या मिनिटाचं काम. मग त्यानं त्या दुपारचा पाऊस टाकला आणि पाणी सोडलं. निळा डाग भरावामागे उमटला आणि वाढत गेला. वस्तीत शिरला, घरामागून घर घेत गेला आणि एका रेषेवर येऊन थांबला. ताईच्या भिंतीवर पाण्याची खूण उमटलेली होती, ती पाणक्यानं मोजून आणली होती. मॉडेलमध्ये आणि भिंतीवर चार बोटांचा फरक आला. एवढं चोख मॉडेल त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची पोर बघायला आली आणि सवयीनं वा म्हणून गेली. मग तिचा चेहरा पडला आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणजे त्यांच्या खात्याची मुख्य, वयानं त्याच्यापेक्षा लहान, कागदाला पक्की. त्याला वाटलं होतं आता आपली उचलबांगडी होणार, चौकशी बसेल, काहीतरी होईल. निदान कोणीतरी ओरडेल. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या की साडेचार हजारांत एक चूक म्हणजे प्रमाण काही वाईट नाही, वरती आपण याला सुधारणा म्हणून कळवू. माणूस भला असला की असा छळतो. त्यांनी त्याच दिवशी एक नवा फॉर्मही काढला. यापुढे कोणतीही मोरी कापायची किंवा बंद करायची तर वस्तीतल्या एका माणसाकडून लिहून आणायचं. मोरी उघडी की बंद, बंद असल्यास केव्हापासून, सांगणाऱ्याला कसं माहीत, आणि ऑफिसनं ही माहिती पूर्वी कधी विचारली होती का. पहिला फॉर्म याच मोरीचा भरायचा होता. कोणीही चालेल, मॅडम म्हणाल्या, कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा.

चहावाला चालला असता हे पाणक्यालाही ठाऊक होतं. पण ताईला अजून काही माहीत नव्हतं. ती अजून तुंबलेल्या मोरीवर मान हलवत होती. तिला सांगायला हवं होतं की मोरी तुंबली नव्हती, मोरी नव्हतीच, आणि तुझ्या नवऱ्याला मी एका भिंतीकडे पाठवलं. हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिच्या कानावर गेलं तर ती आपल्याला कधी क्षमा करणार नाही, असं त्याला वाटत होतं. आपण स्वतः सांगितलं तर करेल का? माहीत नाही. ती थोबाडीत मारेल, दाराबाहेर काढेल. त्याला तेच हवं होतं. ती भिंत पाहिल्यापासून बारा दिवसांत त्याला कोणीच काही केलं नव्हतं, आणि रात्रीचं ताट समोर आलं की त्याला स्वतःचीच किळस यायची.

ताई शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होती. खालचं घर अजून ओलं होतं. माझ्याकडे चल म्हणून पाणक्यानं तिला तीनदा विनवलं होतं, तिन्ही वेळा ती बघू म्हणाली होती. तो वर पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मशीन पाण्यात गेल्यामुळे ती खिडकीशी बसून हातानं टीप घालत होती, कोणाच्या तरी पडद्याला.

"आज कामावर नाहीस?" तिनं विचारलं.

"कामासाठीच आलोय."

तो समोर बसला. वाटेत त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं, आधी काय सांगायचं, मग काय. त्यातलं काही आठवेना. त्यानं फॉर्म काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाला, "ताई, मोरी तुंबली नव्हती. तिथे भिंत आहे. मोरी बंद आहे कधीची. मी न बघता कापली नकाशात, आणि त्या दिवशी दाजींना मीच..."

ताईची सुई थांबली नाही. तिनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि हात पुढे केला.

"तो कागद काय आहे?"

त्यानं सांगितलं. वस्तीतल्या कोणाकडून तरी भरून घ्यायचा आहे. ती म्हणाली, आण इकडे. तिनं चष्मा लावला, फॉर्म गुडघ्यावर ठेवून सगळा वाचला, आणि त्यानं काही सांगायच्या आत लिहायला लागली. पाणक्याला तिचं अक्षर उलटं दिसत होतं. पहिल्या रकान्यात तिनं बंद असं लिहिलं. दुसऱ्यात वीस वर्षं. तिसऱ्यात सांगणाऱ्याला कसं माहीत असं होतं, तिथे ती थोडी थांबली आणि मग लिहिलं, माझ्या डोळ्यांदेखत बुजवली, गवंड्यांना प्यायला पाणी मी देत होते.

त्यानं ते दोनदा वाचलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"वस्तीत जुनं कोण आहे ज्याला माहीत नाही? यांनाच नव्हतं. हे नंतर आले."

चौथ्या रकान्यात पूर्वी विचारलं होतं का, याच्यापुढे तिनं नाही लिहिलं. खाली सही केली आणि फॉर्म त्याच्याकडे दिला. पाणक्याच्या डोळ्यांपुढे तो दिवस आला, कागद पसरून बसलेला तो, मशीनवर बसलेली ती. एक वाक्य. ताई, मोरी आहे ना अजून? चार हजार मोऱ्यांबद्दल त्यानं पाण्याला विचारलं होतं, आराखड्यांना विचारलं होतं, गमबूटला विचारलं होतं. मोरीपासून साठ पावलांवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला विचारायचं राहून गेलं होतं.

"मी विचारायला हवं होतं तुला," तो म्हणाला. "एवढं जरी विचारलं असतं..."

"विचारलं असतंस तरी मी उघडी आहे म्हणाले असते, बाळ्या."

बाळ्या त्याला जगात ती एकटीच म्हणायची. तिनं चष्मा काढला. आवाज चढलेला नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं ती बोलत होती.

"तू कागद घेऊन आलास, आपल्या मोरीतून पाणी जातं म्हणालास, तेव्हाच मला कळलं की तुझं चुकलंय. म्हटलं, चुकू दे. घर राहतंय ना. यांनी नुकते पत्रे घातले होते. मी सगळ्यांना गप्प बसवलं. आमच्या भावाचं ऑफिस आहे, कोणी जाऊन काही बोलायचं नाही, असं घरोघरी जाऊन सांगितलं मी."

पाणक्यानं हातातला फॉर्म मांडीवर उलटा करून ठेवला.

"आणि त्या दिवशी," ती म्हणाली आणि थांबली. खिडकीबाहेर कोणीतरी ओल्या गाद्या झोडपत होतं. तिनं तो आवाज थांबायची वाट पाहिली. "त्या दिवशी मी जिन्यावर होते, सामान घेऊन. ते फावडं घेऊन निघाले. म्हणाले, मोरी मोकळी करून येतो, साहेबांनी सांगितलंय. पाणी पोटरीपर्यंत होतं त्यांच्या. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती."

"मग का नाही मारलीस?"

"वाटलं, उघडली असेल मधे कधीतरी. तू सांगतोयस म्हणजे असेल. तुम्हा लोकांना वरून दिसतं ना सगळं."

तिला रडू येत नव्हतं. पाणक्याला वाटलं ती रडली तर बरं होईल, आपल्याला उठून तिच्याजवळ जाता येईल. बारा दिवस तो एका क्षमेच्या आशेवर जगत होता, आणि ती कुठून येणार हे त्याला पक्कं माहीत होतं. आता समोर बसलेल्या या बाईकडे द्यायला तसं काही नव्हतं. तिचीच झोळी फाटली होती. तिलाही कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं की तुझं काही चुकलं नाही, आणि ते म्हणायला जगात एकच माणूस होता, आणि त्याच्या तोंडून ते निघेना. त्यानं प्रयत्न केला.

शेवटी त्याला जे सुचलं ते तो बोलला. "ताई, माझ्याकडे चल राहायला. इथे नको राहूस."

तिनं पडदा पुन्हा मांडीवर घेतला, सुई उजेडात धरली आणि दोरा ओवायला लागली. दोरा पहिल्यांदा गेला नाही. एरवी तिनं त्याला हाक मारली असती, ये रे, तुझे डोळे चांगले आहेत.

"नको," ती म्हणाली. "सकाळी उठल्यावर तू माझं तोंड बघणार आणि मी तुझं. रोज. कशाला?"

"मग मी येत जाईन इथे."

"फोन कर," ताई म्हणाली.

तो उठला. फॉर्मची घडी घालून त्यानं खिशात ठेवला. सगळे रकाने भरलेले होते, सही होती, मॅडमना यात बोट ठेवायला जागा नव्हती. दारापाशी तो चपला घालत रेंगाळला, दोन्ही पायांत घालून पुन्हा एक काढली, पुन्हा घातली. ताईनं मान वर केली नाही.

"जा आता," ती म्हणाली. "ऑफिस बंद होईल."

ऑफिस बंद व्हायला अजून तीन तास होते.